हाय पॉइंटला लहान मुलांना घेऊन: आदल्या रात्रीपासून आंघोळीपर्यंत

न्यू जर्सीतल्या हाय पॉइंट या डोंगरातल्या पार्कात पहिल्यांदा गेलो तेव्हा थोरला साडेचार वर्षांचा होता. नकाशात मॉन्युमेंट ट्रेल बघितला: साडेतीन-पावणेचार मैलांची फेरी. आम्ही दोघंही सिंहगड-राजमाची करत वाढलेले, त्यामुळे एवढं तर तो सहज चालेल असं धरून निघालो. दीड मैलावर तो एका खडकावर बसला आणि उठेना. पुढे जावं तर दोन मैल, मागे फिरावं तर दीड. त्याच्या बाबांनी त्याला खांद्यावर घेऊन दगडधोंड्यांतून उरलेली वाट पार केली. गाडीत कोणी कोणाशी बोललं नाही. लेकराची काही चूक नव्हती. आखणी आमची होती आणि ती मोठ्या माणसांच्या पायांची होती.

त्यानंतर आम्ही दरवर्षी दोन-तीनदा तिथे जातो. आता धाकटी तीन वर्षांची आहे. एक गोष्ट पक्की कळली: लहान मुलांचं हाइकिंग आदल्या रात्री स्वयंपाकघरात सुरू होतं आणि दुसऱ्या रात्री न्हाणीघरात संपतं. चालणं त्यातलं मधलं दोन-तीन तासांचं काम. म्हणून हे सगळं त्याच क्रमाने लिहिते आहे.

जागा आणि वाट ठरवताना

हाय पॉइंट स्टेट पार्क न्यू जर्सीच्या वायव्य टोकाला, ससेक्स काउंटीत, किटाटिनी डोंगररांगेवर आहे. न्यू जर्सीतल्याच एडिसन गावाच्या बाजूने निघालात तर दीड तासाच्या आसपास. राज्यातली सर्वांत उंच जागा इथेच आहे, १,८०३ फूट. त्यावर सैनिकांच्या स्मरणार्थ १९३०मध्ये पूर्ण झालेला २२० फुटी मनोरा आहे. कूसर दांपत्याने १९२३मध्ये ही जमीन राज्याला दिली, म्हणून आज ती सगळ्यांची आहे.

मुलांच्या दृष्टीने इथे तीन पर्याय आहेत.

चालायला नुकतंच लागलेलं मूल असेल तर लेक मार्शियाचा काठ पुरे. पाणी, बदकं, दगड, बसायला बाक. उन्हाळ्यात जीवरक्षक असतात तेव्हा पोहताही येतं. याला हाइक म्हणावं का, असा प्रश्न मोठ्यांना पडतो. दोन वर्षांच्या मुलाला पडत नाही.

तीन ते सहा वयासाठी माझी पहिली पसंती सीडर स्वॉम्प ट्रेलला. दीड मैलाची फेरी, जवळजवळ सपाट, जुन्या घोडागाडीच्या रस्त्याची. मध्ये दलदलीवरून लाकडी फळ्यांची वाट जाते. अटलांटिक व्हाइट सीडर हे झाड एरवी समुद्राजवळच्या सखल दलदलीत वाढतं. इथे ते दीड हजार फुटांवर उभं आहे. भर जुलैत आत शिरलं की गारवा लागतो आणि मुलं आपसूक हळू आवाजात बोलायला लागतात. माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिनेही साडीवर स्पोर्ट्‌स शूज घालून ही फेरी आरामात केली. लाकडी वाटेवर ती थोरल्याबरोबर एकेक फळी मोजत होती, आणि शंभराच्या पुढे गेल्यावर दोघंही चुकून पुन्हा सुरुवातीपासून मोजायला मागे गेले.

मनोऱ्याचा पर्याय सगळ्यांना जमणारा आहे, कारण गाडी जवळजवळ पायथ्याशी जाते. मुलांना 'शिखर गाठलं' हा आनंद लागतोच, तो इथे दहा मिनिटांत मिळतो. खाली डेलावेअर नदीचं खोरं आणि पलीकडे पेनसिल्व्हेनिया आणि न्यू यॉर्कचे डोंगर दिसतात. मनोऱ्याच्या आत २९१ पायऱ्या आहेत. आत जायचं असेल तर त्या दिवशी तो उघडा आहे का ते आधी बघून घ्या.

मॉन्युमेंट ट्रेल सात-आठ वर्षांपर्यंत राहू द्या. अंतरापेक्षा तिथले दगड मुलांना दमवतात. ट्रेलवर 'सोपा' किंवा 'मध्यम' असं लिहिलेलं असतं, ते मोठ्यांच्या हिशोबाने. आपण ज्या दगडावरून एक पाऊल टाकतो, तो तीन वर्षांच्या मुलीच्या गुडघ्यापर्यंत येतो. ती प्रत्येक दगड चढते.

परत फिरायची वेळ घरीच ठरवा

माझ्या मते या सगळ्या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. किती मैल जायचं हे ठरवू नका. किती वाजता मागे फिरायचं ते ठरवा.

आमच्या मुलांचा वेग थांबे धरून तासाला मैलभर, कधी त्याहून कमी. जाताना उत्साह असतो, येताना पाय दुखतात, म्हणून परतीला जास्त वेळ लागतो. एकूण तीन तास असतील तर जाण्यासाठी फक्त एक. त्या तासाच्या शेवटी जिथे असू तिथून परत. समोर वळणापलीकडे धबधबा असला तरी परत. आणि हे मुलांना निघतानाच सांगून ठेवायचं: "घड्याळ वाजलं की आपण फिरणार." फोनवर गजर लावायचा. आई-बाबांनी 'चला आता पुरे' म्हटलं की रडारड होते. गजर वाजला की होत नाही, निदान कमी होते.

सीडर स्वॉम्पसारख्या फेरीत निम्म्या वाटेवर एकदा मुलांकडे नीट बघा. तिथून दोन्हीकडे पाऊण मैलच असतं. त्यापुढे मागे फिरण्यात काही वाचत नाही.

पाठीवरचं कॅरियर असेल तर तीन वर्षांपर्यंत जरूर न्या, रिकामं नेलं तरी. त्यावर लिहिलेली वजनाची मर्यादा मात्र पाळा, आणि मुलाची मान पक्की सावरलेली असल्याशिवाय त्यात बसवू नका.

आदल्या रात्री

प्रवेशाचं शुल्क, वेळा आणि एखादी वाट बंद आहे का हे पार्कच्या अधिकृत पानावर बघा. नकाशा फोनमध्ये उतरवून ठेवा. डोंगरात नेटवर्कचा भरवसा धरू नका. रूट २३वरच्या पार्क ऑफिसात कागदी नकाशा मिळतो. तो मुलाच्या हातात द्या, त्याला वाट दाखवायचं काम मिळतं.

कपडे: लांब पँट, फिकट रंगाची, मोज्यात खोचता येईल अशी. फिकट रंगावर गोचीड चटकन दिसते. बूट नवे नकोत, आठवडाभर घालून मऊ झालेले हवेत. वर एडिसनपेक्षा पाच-सहा अंश फॅरनहाइट कमी असतं आणि मनोऱ्यापाशी वारा जोरात असतो, म्हणून उन्हाळ्यातही प्रत्येकाचं एक जाकीट. कपड्यांचा आणखी एक पूर्ण जोड, मोजे आणि बुटांसकट, गाडीत. हा जोड आम्हाला दर वेळी लागला आहे.

पर्मेथ्रिन या गोचीड मारणाऱ्या औषधाचा फवारा वापरणार असाल तर तो फक्त कपड्यांवर आणि बुटांवर, अंगावर कधीच नाही. बाहेर मोकळ्या हवेत मारा आणि पूर्ण वाळू द्या. घरात मांजर असेल तर ओले कपडे तिच्यापासून लांब ठेवा, तिला ते विषारी असतं.

खाणं मी रात्रीच करून ठेवते. दुधात भिजवलेल्या दशम्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात; तुपाचा हात आणि आत गुळाचा तुकडा. तिखटमिठाच्या पुऱ्या, काकडीचे तुकडे, शेंगदाणा-गुळाचे लाडू. चार वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे, अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. शेंगदाणे कुटून लाडू करा, द्राक्षं उभी चिरा. आणि खाणं नेहमी बसून. चालता चालता घास द्यायचा नाही. मोठ्या जेवणाऐवजी दर अर्ध्या तासाला थोडं थोडं दिलं की चिडचिड निम्मी होते. पाण्याची एक बाटली मुलाच्या स्वतःच्या पाठीवर असू द्या, छोटी. स्वतःची असली की मुलं आठवणीने पितात.

पिशवीत बाकी काय: शिट्ट्या, बारीक टोकाचा चिमटा, बँडेज, साबणाच्या पाण्याने भिजवलेला रुमाल डबीत, ओले टिश्यू, घट्ट बंद होणाऱ्या दोन पिशव्या, प्रत्येकासाठी कचऱ्याची एक मोठी पिशवी. पाऊस आला तर तिला डोक्यापुरतं भोक पाडून रेनकोट होतो.

पार्किंगमध्ये

उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी न्यू जर्सीतले पार्क गाड्यांनी भरले की गेट बंद करतात. नऊच्या आत पोहोचलं तर जागा मिळते, ऊन कमी असतं आणि दुपारचं वादळ उठायच्या आत परतही येता येतं. गडगडाट ऐकू आला तर उंचवटा सोडून थेट गाडीत बसा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. हाय पॉइंटचं शिखर उघडं आहे, तिथे मनोऱ्याच्या आडोशाला उभं राहणं हा उपाय नव्हे.

गाडीतून उतरल्यावर आमचा क्रम असा. आधी शौचालय, लागली नसली तरी. ट्रेलवर सोय नसते. मध्येच वेळ आली तर पाण्यापासून आणि वाटेपासून २०० फूट दूर जाऊन सहा ते आठ इंच खड्डा करा, काम झालं की बुजवा आणि कागद पिशवीत परत आणा.

मग आधी सनस्क्रीन, त्यावर कीटकरोधक. मुलांसाठी डीट (कीटकरोधकातलं रसायन) तीस टक्क्यांपर्यंतचं चालतं. दोन महिन्यांखालच्या बाळाला अजिबात नाही. लेमन युकॅलिप्टसचं तेल नैसर्गिक वाटतं म्हणून आपल्याकडे पुष्कळ जण तेच घेतात, पण ते तीन वर्षांखाली लावू नये. आपल्या हातावर घेऊन मुलांना चोळा. त्यांच्या तळहातांना आणि डोळ्यांजवळ नको.

मग प्रत्येक मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत एक फोटो. हरवलंच तर अंगावर काय होतं हे घाबरलेल्या आईला आठवत नाही.

आणि शेवटी हरवल्यावर काय करायचं याची उजळणी. १९८१मध्ये कॅलिफोर्नियात एक नऊ वर्षांचा मुलगा डोंगरात हरवून दगावला. त्यानंतर तिथल्या शोधपथकातल्या लोकांनी मुलांना 'झाडाला मिठी मार' ही शिकवण द्यायला सुरुवात केली. आम्ही ती मराठीत अशी सांगतो: आई-बाबा दिसेनासे झाले की जवळचं झाड धर, तिथून हलू नकोस, तीन वेळा शिट्टी वाजव, थांब, पुन्हा तीन वेळा. कोणी अनोळखी हाक मारत आलं तर लपू नकोस, ते तुलाच शोधायला आलेत. आणि आम्ही रागावणार नाही. हे शेवटचं वाक्य गाळू नका. बोलणी बसतील या भीतीने मुलं शोधणाऱ्यांपासून लपतात. एकदा पार्किंगमध्येच खरी शिट्टी वाजवून सराव करून घ्या.

वाटेवर

सर्वांत लहान मूल पुढे, एक मोठं माणूस शेवटी. वेग त्याचा. या एका नियमाने वाटेवरची बहुतेक भांडणं मिटतात.

झाडांवर रंगाचे पट्टे असतात, ती वाटेची खूण. एक पट्टा म्हणजे सरळ चला, एकावर एक दोन पट्टे म्हणजे वळण आलं. पुढचा पट्टा कोण आधी शोधतं हा खेळ आमच्याकडे दोन मैल पुरतो. पांढरे पट्टे दिसले तर थांबून मुलांना दाखवा: तो ॲपलेचियन ट्रेल. जॉर्जियापासून मेनपर्यंत सुमारे २,२०० मैलांची ही वाट याच पार्कातून जाते. जुलैच्या सुमाराला पाठीवर भलंमोठं ओझं घेतलेले, तीन-चार महिने चालत आलेले लोक भेटतात आणि मुलांशी आनंदाने बोलतात.

मूल थांबलं तर थांबा. किटाटिनीच्या खडकात पांढऱ्या गारगोटीचे गोटे बसलेले असतात, शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे असावेत तसे. चाळीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वी नदीने वाहून आणलेले. धाकटी एका खडकापाशी उकिडवी बसून त्यातला एक गोटा नखाने उकरायला बघत होती. निघत नव्हता, म्हणून तिने त्याला थुंकी लावली. ओला झाल्यावर तो चमकला. त्यानंतर पुढची पंधरा मिनिटं ती आणि तिचा दादा बाटलीतलं पाणी बोटाने लावून एकेक गोटा 'पेटवत' होते. आम्ही त्या दिवशी अर्धा मैलही गेलो नाही. मुलांना तो दिवस अजून आठवतो.

आता ज्या तीन गोष्टींना हात लावायचा नाही त्या.

पॉयझन आयव्ही. पळसाला पानं तीनच हे आपण लहानपणापासून ऐकलंय; हिलाही तीनच. मधल्या पानाचा देठ लांब, बाजूची दोन पानं देठाला जवळजवळ चिकटलेली. ती जमिनीवर पसरते, झुडूप होते, आणि झाडावर चढते तेव्हा खोडावर केसाळ दोरासारखी दिसते. शरदात लालबुंद होते आणि मुलांना नेमकं तेच पान वेचायचं असतं. ही बिब्ब्याच्या, काजूच्या, आंब्याच्या कुळातली. बिब्बा उतलेला ज्यांनी पाहिलाय त्यांना जास्त सांगायला नको. अंगावर तसंच होतं, तशाच चिकाने. हात लागला तर ताबडतोब साबणाच्या रुमालाने घासून पुसा, भरपूर पाण्याने धुवा. चीक कपड्यांवर, बुटांवर, कुत्र्याच्या केसांवर तसाच राहतो आणि तिथून पुन्हा लागतो. मुलांना मी एवढंच शिकवलंय: तीन पानं दिसली की हात पाठीमागे.

खडकांच्या फटी. या रांगेत रॅटलस्नेक आणि कॉपरहेड हे विषारी साप आहेत. ते दिसणं विरळा, पण जिथे डोळे पोहोचत नाहीत तिथे हात घालायचा नाही.

आणि अस्वल. इथे काळी अस्वलं खरोखर आहेत. दिसलं तर पळू नका, पळालेलं पाहून ते मागे लागू शकतं. लहान मुलाला उचला, मोठ्याला जवळ घ्या, शांत पण मोठ्या आवाजात बोलत, त्याच्याकडे पाठ न करता हळूहळू मागे सरका. त्याला जायला वाट मोकळी ठेवा. बोलत, गाणी म्हणत चाललं तर ते बहुधा आधीच दूर जातं, आणि मुलं बरोबर असताना ते करावंही लागत नाही. खाणं उघडं टाकून कुठे जाऊ नका.

पार्कात कचऱ्याचे डबे शोधू नका. न्यू जर्सीच्या स्टेट पार्कांत आपला कचरा आपणच घरी न्यायचा असतो, संत्र्याच्या साली आणि डायपरसकट.

ऑक्टोबरात रंग बघायला जात असाल तर सगळ्यांना भडक नारिंगी टोपी किंवा बंडी घाला, कारण त्या हंगामात पार्काच्या काही भागांत शिकारीला परवानगी असते.

घरी आल्यावर

गाडीत मुलं झोपणार. घरी आल्यावर तशीच उचलून पलंगावर टाकायचा मोह होतो. तेवढं मात्र करू नका. लाइम हा आजार कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून ओळखला जातो, पण न्यू जर्सीतही तो खूप आढळतो. तो पसरवणाऱ्या गोचिडीचं पिल्लू खसखशीच्या दाण्याएवढं असतं. मे, जून, जुलै हे तिचे मुख्य महिने, म्हणजे नेमके आपले फिरण्याचे.

आधी कपडे. धुण्याआधी ते थेट ड्रायरमध्ये, कडक उष्णतेवर दहा मिनिटं. ओले असतील तर जास्त. धुण्याने गोचीड मरेलच असं नाही, कोरड्या उष्णतेने मरते.

मग आंघोळ, शक्यतो आल्यापासून दोन तासांत. आणि उजेडात सगळं अंग बघणं: केसांची मुळं, कानाच्या मागे आणि आत, काखा, बेंबी, कमरेचा पट्टा, जांघा, गुडघ्याच्या मागची खळी, पायाच्या बोटांच्या बेचक्या. डोळ्यांवर विसंबू नका, बोटाची टोकं फिरवा. आपल्या केसांत ती दिसत नाही, हाताला बारीक खडा लागतो.

सापडली तर चिमट्याने कातडीच्या अगदी जवळ, तोंडाशी धरा आणि सरळ वर, एकसारखं ओढा. पिळू नका, झटका देऊ नका. गुरांच्या गोचिडीला तेल किंवा रॉकेल लावलेलं कोणी पाहिलं असेल. ते इथे करू नका, काडी पेटवून टेकवूही नका. जागा साबणाने धुवून स्पिरिट लावा. लाइमचा जंतू शरीरात जायला गोचीड साधारणपणे चोवीस तासांहून जास्त चिकटून असावी लागते, म्हणूनच त्याच रात्री बघण्याला इतकं महत्त्व. ती रक्ताने फुगलेली असेल किंवा कधीची चिकटली ते सांगता येत नसेल तर मुलांच्या डॉक्टरांना लगेच फोन करा. आजार होऊ नये म्हणून काही वेळा औषधाचा एक डोस देतात, तो काढल्यापासून ७२ तासांच्या आतच उपयोगी.

त्यानंतर तीन ते तीस दिवसांत चट्टा, ताप, अंगदुखी, चेहरा एका बाजूला ओघळणं यांतलं काही दिसतं का बघायचं. पुस्तकातला लाल चट्टा गोऱ्या कातडीवरचा असतो, मध्ये ठिपका आणि भोवती कडं. आपल्या गव्हाळ-सावळ्या मुलांवर तो तसा दिसत नाही. तपकिरी, जांभळट किंवा नुसता गडद डाग असू शकतो, बहुतेकदा खाजतही नाही, पण दिवसागणिक पसरत जातो. शंका आली तर फोटो काढा, कडेने पेनने रेघ आखा आणि दुसऱ्या दिवशी डाग रेघेबाहेर गेला का ते बघा. डॉक्टरांना गोचिडीची तारीख सांगा, तेवढ्याने त्यांचं निम्मं काम होतं.

आमच्या फ्रिजवर कालनिर्णय लावलेलं असतं. गेल्या जूनच्या पानावर एका रविवारच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलंय: 'धाकटी, डावा कान, मागे.' आणि पुढच्या पानापर्यंत, रोज रात्री कान बघितल्यावर मारलेल्या तीस बारीक रेघा.